यूकेत नवरा-बायको वेगळे झाल्यावर युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला क्लेम कसा करायचा

डिव्होर्स अजून व्हायचाय मग क्लेम कसा करणार, असं म्हणून बरेच जण थांबतात आणि तिथेच पैसे बुडतात. युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीला, डिव्होर्सचे पेपर लागत नाहीत, तुम्ही आता जोडपं म्हणून राहत नाही एवढं पुरतं. आणि पैसे मोजतात ते क्लेम सबमिट केल्याच्या तारखेपासून. आजारपणासारखी ठराविक कारणं असली तर जास्तीत जास्त एक महिना मागे जातात, पण त्यावर विसंबू नका.

फॉर्म उघडायच्या आधी मात्र व्हिसा बघा, आपल्या लोकांसाठी खरी मेख इथेच आहे. ई-व्हिसावर (व्हिसाची ऑनलाइन नोंद) ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी बेनिफिट्स घ्यायला मनाई, असं असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) दोन्हींना हात लावायचा नाही, चुकून घेतलं तरी पुढे व्हिसाला भोवू शकतं. डिपेंडंट व्हिसावाल्यांचं तर नातं तुटलं की व्हिसाच धोक्यात येतो, म्हणून आधी इमिग्रेशन अ‍ॅडव्हायझर गाठा. घरात मारहाण, छळ, पैशांची कोंडी असं काही झालं असेल तर तीन महिन्यांची खास सवलत असते ज्यात बेनिफिट्स घेता येतात, पण ती घेतली की आधीचा व्हिसा जातो, त्यामुळे तीही सल्ल्याशिवाय नको. सिटिझन असाल किंवा आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, असेल तर व्हिसाची अडचण नाही, फक्त बरेच महिने भारतात राहून नुकतेच परतला असाल तर इथे राहण्याबद्दल जास्तीचे प्रश्न विचारतात.

आता तयारी. स्वतःच्या एकट्याच्या नावावर बँक अकाउंट काढा, जॉइंट अकाउंटमध्ये पैसे आले की ते कोण काढेल याचा भरवसा नाही. सेव्हिंग्ज १६,००० पौंडांच्या वर असतील तर क्लेम बसत नाही, ६,००० च्या वर असतील तर थोडे पैसे कापतात, आणि भारतातली एफडीसुद्धा यात धरायची हं, ती लपवू नका.

फॉर्म गव्ह डॉट यूकेवर ऑनलाइन भरायचा. आधीच दोघांचा जॉइंट क्लेम चालू असेल तर जर्नलमध्ये (क्लेमच्या ऑनलाइन खात्यात मेसेज लिहायची जागा) ‘चेंज ऑफ सर्कमस्टन्सेस’, म्हणजे परिस्थितीतला बदल, टाकून वेगळे झाल्याचं कळवा. भाड्याचा करार समोरच्याच्या नावावर असेल तरी घरभाड्याचा भाग सोडून देऊ नका, तो भाडं भरत नाही आणि घर टिकवायला तुम्हाला भरावं लागतंय असं असेल तर तेही विचारात घेतात. मुलांचा भाग एकालाच मिळतो, मूल मुख्यतः ज्याच्याकडे राहतं त्याला. मुलांसाठी येणारा मेंटेनन्स उत्पन्नात धरत नाहीत, पण स्वतःसाठी मिळणारी पोटगी पूर्ण वजा होते. ही दोन वेगवेगळी लिहा, एकत्र लिहून घोळ नको.

परवडत नाही म्हणून अजून एकाच घरात राहताय? तरीही क्लेम होतो, फक्त खरंच वेगळं राहायला हवं. झोपायच्या खोल्या वेगळ्या, स्वयंपाक ज्याचा त्याचा, कपडे ज्याचे त्याने धुवायचे, पैसे वेगळे, आणि चारचौघांत पण नवरा-बायको म्हणून वावरायचं नाही. वेगळे झाल्याची तारीख लिहून ठेवा, प्रश्न आले तर जे आहे तेच सांगा. तुम्ही एक आणि समोरच्याने दुसरीच तारीख सांगितली तर निस्तरायला फार त्रास होतो.

मग ओळख पटवणं आणि जॉबसेंटरची (सरकारी रोजगार कार्यालय) अपॉइंटमेंट. तिथे वर्क कोच भेटतो, काम किती आणि कसं शोधायचं ते ठरतं, आणि ते ‘क्लेमंट कमिटमेंट’ तुम्ही अ‍ॅक्सेप्ट केलं नाही तर क्लेम पुढे सरकत नाही. मूल एक वर्षाच्या आतलं असेल आणि ते तुम्हीच सांभाळत असाल तर काम शोधायची अट नसते. नोकरी आहे म्हणून क्लेम नाही असंही काही नाही, पगाराच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात, आणि मुलं असतील तर पगाराचा सुरुवातीचा काही भाग सोडून मगच कापायला लागतात.

पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात. तोवर हातात काही नसेल तर अ‍ॅडव्हान्स मागा, व्याज नसतं, पण पुढच्या पेमेंटमधून वळते करतात म्हणून गरजेपुरताच घ्या.

युनिव्हर्सल क्रेडिट मिळालं की सगळं आपोआप होतं असं नाही. चाइल्ड बेनिफिट एचएमआरसीकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडे, वेगळं मागायचं, ते तीन महिने मागचं मिळू शकतं. घरात तुम्ही एकटेच मोठे उरलात तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट असते, ती कौन्सिलला कळवून घ्या. ही सूट पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही, त्यामुळे व्हिसावाल्यांनीही मागावी.

कुठे अडलात तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची ‘हेल्प टू क्लेम’ सेवा फुकट आहे, पहिलं पेमेंट येईपर्यंत मदत करतात. क्लेम नाकारला किंवा रक्कम चुकीची वाटली तर निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्यात ‘मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागा, जर्नलमध्ये लिहिलं तरी चालतं, आणि तिथेही नाही म्हणाले तर मग ट्रिब्युनलला अपील करता येतं.