बिनपात्यांचे जलटर्बाइन: आधी फट ठरवा, मग बाकीचे

निकोला टेस्ला यांना १९१३ साली ज्या टर्बाइनचे पेटंट मिळाले, त्यात पाती नाहीत. एकाच शाफ्टवर अगदी जवळजवळ बसवलेल्या सपाट चकत्या आहेत. पाणी कडेवरून, जवळजवळ स्पर्शरेषेच्या दिशेने आत शिरते, चकत्यांमधल्या फटींतून गिरक्या घेत मध्याकडे येते आणि शाफ्टजवळच्या भोकांतून बाहेर पडते. चकतीला लागून असलेला पाण्याचा पातळ थर चकतीला आपल्याबरोबर ओढतो आणि तेवढी गती स्वतः गमावतो. हा थर किती जाड असतो त्यावर फट ठरते, आणि फटीवरून बाकी सगळी मापे ठरतात. गाळणीसुद्धा.

कुठे करावे, कुठे करू नये

वाट्या किंवा पाती असलेल्या छोट्या पेल्टन किंवा क्रॉसफ्लो टर्बाइनकडून ६० ते ७० टक्के कार्यक्षमतेची अपेक्षा रास्त आहे. चकत्यांच्या टर्बाइनकडून पाण्यावर २० ते ३० टक्के धरून चाला. याहून फार मोठे आकडे वाचायला मिळतात, पण ते बहुधा फक्त चकत्यांच्या संचाचे आणि कागदावरचे असतात. शाफ्टवर ब्रेक लावून मोजलेले नसतात. ओढ्याला पाणी बेताचे असेल आणि प्रत्येक वॅट हवा असेल, तर पेल्टनच घ्या.

बिनपात्यांचा फायदा घडणीत आहे. ओतीव वाट्या नाहीत, वाकडे पाते घडवणे नाही. चकत्या कापून मिळाल्या आणि हाताशी लेथ असला की यंत्र उभे राहते, आणि खराब झालेली एखादी चकती बदलता येते. पाणी मुबलक असेल, हेड (पाणी जितक्या उंचीवरून येते ती उंची) १५ मीटरच्या वर असेल आणि गरज दिवे, चार्जिंग, छोटा फ्रीज एवढीच असेल, तर हे यंत्र शोभते. १० मीटरच्या खाली ते करू नये. पाण्याला वेग मिळत नाही आणि शाफ्टवर जोर येत नाही.

“यात कचरा चालतो” असे सर्रास सांगितले जाते. पाण्यासाठी फट अर्धा मिलिमीटर असते, तेव्हा हे विसरा.

हिशेब: २० मीटर हेड, ५ लिटर प्रतिसेकंद

पाण्यातली शक्ती वॅटमध्ये काढायला ९.८१ ला लिटर प्रतिसेकंद आणि निव्वळ हेडने गुणा. ९.८१ × ५ × २० म्हणजे ९८१ वॅट. २५ टक्क्यांनी शाफ्टवर २४५ वॅट. जनित्र आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) यांतली घट धरून बॅटरीत १५० ते १७० वॅट पोहोचतात, म्हणजे चोवीस तासांत साडेतीन-चार युनिट.

निव्वळ हेड म्हणजे पाइपातले घर्षण वजा केल्यावर उरणारे. ९० मिमी बाहेरच्या व्यासाच्या, आतून ७९ मिमीच्या आसपास असलेल्या पॉलिथिलीन पाइपात या प्रवाहाला १०० मीटर लांबीत सुमारे १.३ मीटर हेड जाते. ७५ मिमीच्या पाइपात तीन मीटरहून जास्त. पाइपावर काटकसर करू नका.

आता एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत सुटलेली असते. फिरणाऱ्या चकत्या आतले पाणी बाहेर फेकू पाहतात आणि हा उलटा दाब येणाऱ्या पाण्याला अडवतो. २०० मिमीची चकती मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरली की नुसत्या त्या फिरण्याने सुमारे ४ मीटर हेड खर्च होते; पाणी चकतीपेक्षा वेगाने गिरकी घेते, त्यामुळे प्रत्यक्षात ५-६ मीटर. म्हणून नोझलला (धार सोडणाऱ्या तोंडाला) २० नव्हे, १४ मीटर हेड मिळते असे धरा. १४ मीटरला धारेचा वेग, नोझलमधली घट धरून, १५.७ मीटर प्रतिसेकंद. चकतीच्या कडेचा वेग त्याच्या ०.६ पट ठेवावा, म्हणजे ९.४ मीटर प्रतिसेकंद. २०० मिमी व्यासाला हाच वेग मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास येतो.

फट

पाण्याची गतिज श्यानता (चिकटपणाचे माप) भागिले कोनीय वेग (सेकंदाला किती रेडियन फिरते ते), त्याचे वर्गमूळ, गुणिले ३.१४. ही झाली सर्वांत चांगली फट. २० अंश तापमानाला श्यानता सेकंदाला १ चौरस मिलिमीटर असते आणि ९०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९४ रेडियन. उत्तर येते ०.३२ मिमी.

एवढी बारीक फट महिनोन्‌महिने स्वच्छ ठेवणे अवघड आहे, म्हणून ०.५ मिमी घ्या. थोडी कार्यक्षमता जाते, पण यंत्र चालते राहते. १ मिमीवर मात्र जाऊ नका. मधले पाणी चकतीला न ओढताच निघून जाते. हवा किंवा वाफेच्या टर्बाइनची मापे जशीच्या तशी उचलू नका, त्यांची श्यानता वेगळी आणि फेऱ्या कितीतरी जास्त.

चकत्या

३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या १ मिमी जाडीच्या ३४ चकत्या आणि दोन्ही टोकांना ३ मिमीची एकेक जाड चकती. एकूण ३५ फटी. व्यास २०० मिमी, शाफ्टचे भोक २० मिमी, त्यात ६ मिमी चावीची खाच. पाणी बाहेर पडायला ५६ मिमी व्यासाच्या वर्तुळावर १८ मिमीची सहा भोके. दोन भोकांच्या मधल्या पट्टीत एम४ रॉडसाठी ४.२ मिमीचे एकेक भोक.

पाणी दोन्ही बाजूंनी बाहेर काढा. एका बाजूला २.५ लिटरच येतात, त्यामुळे भोकांतला वेग सेकंदाला १.६ मीटरवर राहतो आणि शाफ्टवर एकाच बाजूला रेटा येत नाही.

फट ठेवायला ०.५ मिमी शिमचे (मोजक्या जाडीच्या पातळ पत्र्याचे) वॉशर कापा: शाफ्टभोवती ३४ मिमी बाहेरच्या व्यासाचे, एम४ रॉडवर ९ मिमीचे. बाजारातले एम४ वॉशर ०.८ मिमी जाड असतात, ते इथे चालत नाहीत.

लेझरने कापताना पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. वॉटरजेट मिळाला तर तोच वापरा. प्रत्येक चकती जाड काचेवर ठेवून कडेला बोट दाबून पाहा. टकटक वाजली तर ती बाजूला काढा. कडेची धस (कापताना राहिलेला खरबरीत काठ) पूर्ण घालवा. १ मिमी पत्रा आणि ०.५ मिमी फट म्हणजे धारेसमोरचा दोन तृतीयांश भाग चकत्यांच्या कडांनीच अडवलेला असतो. म्हणून प्रत्येक चकती मँड्रेलवर (लेथमध्ये चकती धरणाऱ्या दांड्यावर) फिरवून कड दोन्ही बाजूंनी उतरती करा. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नका. चकतीचे पृष्ठभाग घासून चमकवायची मात्र गरज नाही.

संच बांधताना एम४ नट समोरासमोरच्या क्रमाने, २ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. मग प्रत्येक फटीत कडेला आठ ठिकाणी फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पानांचे मापक) घाला: ०.४ चे पान सहज जावे, ०.६ चे जाऊ नये. जिथे अडते तिथे बहुतेक वेळा वॉशरखाली धस राहिलेली असते.

संच बांधून झाल्यावरच त्याची रुंदी मोजा आणि मगच घर व नोझल बनवा. १ मिमी म्हणून आलेला पत्रा ०.९५ निघाला, तर ३४ चकत्यांत १.७ मिमीचा फरक पडतो आणि नोझलची धार टोकाच्या जाड चकतीवर आदळते.

घर आणि नोझल

घराचा आतला व्यास २०१ मिमी, म्हणजे चकतीच्या कडेपासून अर्धा मिमी अंतर. बाजूची झाकणे १२ मिमी ॲल्युमिनियमची, एम८ चे बारा बोल्ट आणि ओ-रिंग. पारदर्शक ॲक्रिलिक दिसायला छान असते, पण फटी चोंदल्या की पाइपातला पूर्ण दाब झाकणावर येतो. २० मीटरला तो रेटा सुमारे ६०० किलोचा होतो. पातळ ॲक्रिलिक फुगते आणि तडकते.

पाणी टोकाच्या चकतीच्या बाहेरून सरळ निकासाकडे पळू नये म्हणून तिथे कॉलर (चकतीवर उठलेले गोल कडे) हवी. टोकाची ३ मिमीची चकती ८ मिमी प्लेटमधून, ८४ मिमी व्यासाच्या कॉलरसकट एकसंध कातून घ्या. ती झाकणातल्या ८४.४ मिमीच्या खाचेत फिरेल. कॉलर वेल्ड केली तर चकती वाकते.

नोझल दोन, समोरासमोर. एकच ठेवली तर शाफ्ट सतत एका बाजूला रेटला जातो. प्रत्येकाची चीर ५१ मिमी रुंद (आतल्या ३४ चकत्या आणि ३५ फटी मिळून ५१.५ मिमी होतात) आणि ३ मिमी उंच. दोन्ही मिळून ३०६ चौरस मिमी, म्हणजे सेकंदाला ४.८ लिटर. धार स्पर्शरेषेशी १० ते १५ अंशांवर आत वळलेली आणि तोंड चकतीच्या कडेपासून १-२ मिमीवर असावे. नोझल पितळेचे, बोल्टने काढता येईल असे करा. उंची कमी-जास्त करून पाहावी लागतेच.

बेअरिंग ६२०४, दोन्ही बाजूंनी सीलबंद, निकासपेटीच्या बाहेर स्वतंत्र आधारावर. निकासाच्या बाजूला दाब नगण्य असल्याने साधे ऑइल सील पुरते. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये १५ मिमी मोकळी जागा सोडा आणि शाफ्टवर रबरी कडे चढवा. झिरपलेले पाणी तिथेच उडून खाली पडते, बेअरिंगपर्यंत जात नाही.

पाणी गाळणे

इथेच बहुतेक संच बंद पडतात. आधी २० मिमी अंतराच्या गजांची जाळी, पानाफांद्यांसाठी. मग गाळ बसायची टाकी: २ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, पाण्याची खोली अर्धा मीटर. त्यात पाणी सेकंदाला २ सेंटिमीटरने सरकते आणि ०.२ मिमीपर्यंतची वाळू तळाला बसते. तळाला उतार आणि ५० मिमीचा धुण्याचा व्हॉल्व्ह द्या. शेवटी ०.३ मिमीची जाळी, किमान अर्धा चौरस मीटर आणि तिरपी, म्हणजे वाहते पाणीच ती धुऊन काढते.

वाळूपेक्षा शेवाळाचे तंतू त्रासदायक. ते चकतीच्या कडेला अडकतात, त्यांच्यावर गाळ बसतो आणि फट हळूहळू बुजते. टाकीवर झाकण घालून ऊन तोडा.

जनित्र

कायम चुंबकाचे तीन-फेज जनित्र घ्या. ९०० फेऱ्यांना त्यातून रेक्टिफायरनंतर २८ व्होल्ट मिळत असतील तर ते थेट कपलिंगने जोडा आणि २४ व्होल्टची बॅटरी भरा. बॅटरी भरल्यावर भार तोडणारा सौर नियंत्रक इथे लावू नका. भार सुटला की फेऱ्या आणि व्होल्टेज जवळजवळ दुपटीला जातात आणि नियंत्रक जळतो. जादा वीज ३०० वॅटच्या हीटरकडे वळवणारा नियंत्रक लावा आणि हीटर मोकळ्या हवेत ठेवा.

चाचणी

नोझलच्या आधी दाबमापक बसवा. गेट व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि बंद करतानाही अर्धा मिनिट तरी घ्या, नाहीतर पाण्याचा हातोडा (पाणी अचानक थांबल्याने बसणारा दाबाचा धक्का) पाइपाचे सांधे उघडतो. शाफ्टवर लाकडी ब्रेक आणि ३० सेंटिमीटर दांडी लावून तिच्या टोकाला ताणकाटा अडकवा. ९०० फेऱ्यांना काटा ०.९ किलोच्या आसपास आला, तर २४५ वॅट मिळाले. ४०० ते १४०० फेऱ्यांपर्यंत दर १०० फेऱ्यांना नोंद करा. सर्वांत जास्त शक्ती कुठे येते ते पाहून जनित्राचा वेग जुळवा.

मापकावर दाब कमी असेल तर दोष वरच्या बाजूला: जाळी चोंदली, पाइपात हवा अडकली किंवा पाइप बारीक पडला. दाब पूर्ण असून प्रवाह कमी असेल तर फटी किंवा नोझल बुजले. दाब आणि प्रवाह दोन्ही ठीक पण जोर नाही, तर पाणी कॉलरवरून पळते आहे किंवा चकत्यांच्या कडा बोथट राहिल्या आहेत. ठरावीक वेगाला खरखर आवाज येत असेल तर चकत्या कडेला थरथरून एकमेकींना घासतात. अशा वेळी १७० मिमी व्यासाच्या वर्तुळावर आणखी तीन एम४ रॉड, ९ मिमी व्यासाचे तेच शिमचे वॉशर घालून, बसवा. ते प्रवाहात अडथळा आणतात, म्हणून आवाज नसेल तर बसवू नका.