मेल उघडेपर्यंत चहा होत असेल तर

सांगलीत कॉम्प्युटर रखडला म्हटलं की तीन सल्ले फुकट मिळतात. रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, नाहीतर हे डबडं विकून नवं घ्या. बाकी सगळं सुरळीत चालत असेल आणि एकटा मेलचा प्रोग्राम रांगत असेल, तरी हेच तीन. मी हळद-बेदाण्याच्या अडत्यांचे हिशेब लिहितो. सौदापट्ट्या, बिल्ट्या, जीएसटीची कागदं, सगळं मेलवर येतं. पंधराएक वर्षं थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरतोय आणि पाहुण्यारावळ्यांच्या, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन हा रोग कितीदा काढलाय त्याचा हिशेब ठेवलेला नाही. रॅम मात्र अजून कुणाला विकत घ्यायला लावलेली नाही.

चौथा सल्ला त्याहून वाईट: थंडरबर्ड काढा आणि पुन्हा टाका. प्रोग्राम काढला तरी तुमच्या मेलचा फोल्डर, ज्याला प्रोफाइल म्हणतात, तो जागेवरच राहतो. नवा प्रोग्राम येतो, तोच फोल्डर उघडतो आणि तसाच रखडतो. अर्धा दिवस वाया.

आधी नेमकं कुठं अडतंय ते बघा. हेल्प मेनूत जाऊन ट्रबलशूट मोडमध्ये थंडरबर्ड पुन्हा सुरू करा. (वर मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा.) या मोडमध्ये ॲड-ऑन्स, म्हणजे वरून जोडलेले जादा सोयींचे छोटे प्रोग्राम, बंद राहतात. इथं घोडं पळायला लागलं तर दोष बहुधा एखाद्या ॲड-ऑनचा आहे. एकेक काढत जा, सापडेल, आणि इथून पुढं वाचायची गरज नाही. तसं झालं नाही, आणि इनबॉक्सवर क्लिक केल्यावर तो गोल चक्कर फिरतच राहतो, तर पुढं वाचा.

थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. इनबॉक्स म्हणजे एक फाइल, सेंट म्हणजे दुसरी. अडत दुकानातली खतावणी डोळ्यांपुढं आणा. तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा त्या नोंदीवर फक्त काट मारली जाते. पान फाटत नाही, वही हलकी होत नाही. ट्रॅश रिकामा केला तरी इनबॉक्सच्या वहीतली काट मारलेली नोंद तिथंच असते. शिवाय जोडलेल्या फाइली मेलमध्ये अक्षरांच्या रूपात लिहिल्या जातात, दर तीन बाइटला चार अक्षरं, म्हणून ६ एमबीची पीडीएफ मेलमध्ये ८ एमबीच्या वर जाते. अशी दहा वर्षांची वही दर वेळी उचलायची म्हणजे कुणीही धापा टाकेल. यावर उपाय एकच: जिवंत नोंदी नव्या वहीत उतरवून जुनी वही टाकून देणे. थंडरबर्डमध्ये याला कॉम्पॅक्ट म्हणतात. काम एका क्लिकचं आहे, आणि सगळा घोळही तिथंच होतो.

क्लिकच्या आधी एक गोष्ट बघाच. अकाउंट सेटिंग्जमध्ये, सर्व्हर सेटिंग्जच्या पानावर, सर्व्हर टाइप काय लिहिलाय? आयमॅप असेल तर मूळ मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर, आहेत. घरी काही बिघडलं तरी पुन्हा उतरवून घेता येतात. पॉप असेल तर सावध. सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नसेल, तर तुमच्या टेबलाखालचा डबा हीच एकमेव प्रत आहे. जुन्या लोकांकडं हमखास पॉप निघतं, कारण पूर्वी मेलबॉक्स भरायचा म्हणून कुणीतरी तसं करून दिलेलं असतं.

आता प्रत. हेल्पमधून मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथं प्रोफाइल फोल्डरच्या ओळीत ओपन फोल्डरचं बटण आहे. तो फोल्डर दिसला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चालू थंडरबर्डची कॉपी काढू नका, अर्धवट फाइल येते. आणि ती डिस्क कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच खणात भिजलेले मी बघितलेत. माझी डिस्क तेव्हापासून मिरजेला बहिणीकडं असते.

इथून पुढं हळू वाचा, कारण इथं मी स्वतः आपटलोय.

तेव्हा माझं खातं पॉप होतं आणि इनबॉक्स सात वर्षांचा. कॉम्पॅक्ट लावलं आणि जेवायला बसलो. येऊन बघतो तर इनबॉक्समध्ये शून्य मेल. कोपऱ्यात अँटीव्हायरसची हिरवी खिडकी: एक धोका सापडला, क्लीन करू का? माझा जीव मेलमध्ये अडकलेला; असेल काहीतरी म्हणून हो म्हणून टाकलं. कुणा अनोळखी माणसानं कधीकाळी खोट्या बिलाची झिप पाठवली होती, मी ती न उघडता डिलीट केली होती. पण डिलीट म्हणजे काट, हे वर सांगितलंच. ती झिप वहीतच पडून होती. कॉम्पॅक्टनं वही पुन्हा लिहायला घेतली तशी अँटीव्हायरसनं फाइल पहिल्यापासून तपासली, त्याला ती झिप दिसली, आणि त्याच्या लेखी ‘फाइल’ म्हणजे अख्खा इनबॉक्स. एका खराब नोंदीपायी त्यानं सात वर्षांची खतावणी चुलीत घातली. मी जर तेव्हा हो न म्हणता त्याचं क्वारंटाइन, म्हणजे संशयित फाइली कोंडायची जागा, उघडून फाइल रिस्टोअर केली असती, तर सगळं परत आलं असतं. हो म्हणालो, संपलं.

प्रत होती, पण चार महिन्यांपूर्वीची. मधल्या चार महिन्यांच्या पट्ट्या मी लोकांकडून मागून घेतल्या. तासगावच्या एका शीतगृहवाल्यानं तिसऱ्या फोनला विचारलं, “काय ओ, हिशेब तुम्ही लिहिताय का आम्ही?” त्याला काय उत्तर देणार.

म्हणून माझा नियम, आणि यावर मी कुणाचं ऐकत नाही: कॉम्पॅक्टच्या आधी अँटीव्हायरसला थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरला हात न लावायला सांगायचं. विंडोजचा स्वतःचाच अँटीव्हायरस असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, पानाच्या अगदी खाली एक्सक्लूजन्स. तिथं तो एकच फोल्डर जोडा. दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्येही अशीच सोय असते. पूर्ण अँटीव्हायरस बंद करू नका. तसं सांगणाऱ्याला तुमच्या घरचं काही पडलेलं नसतं. “मग व्हायरस येणार नाही का?” हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. मेलच्या वहीत निपचित पडलेली झिप काही करत नाही. ती तुम्ही उघडता किंवा सेव्ह करता तेव्हा डिस्कवर वेगळी फाइल म्हणून उतरते, आणि त्या क्षणी अँटीव्हायरस तिला तपासतो.

या सूटीचा दुसरा फायदा असा की वेगही वाढतो. एक ओळीचा मेल आला तरी वही बदलते, आणि वही बदलली की राखणदार अँटीव्हायरस ती दोन-तीन जीबीची फाइल पुन्हा चाळायला घेऊ शकतो. काही घरांत मी एवढं एकच काम केलं आणि चहा न घेता परत आलो. थंडरबर्डच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये अँटीव्हायरससाठी एक खूण आहे: येणारा प्रत्येक मेल वेगळा तपासू द्यावा. तीही करून ठेवा. नवा खराब मेल आला तर तो एकटाच पकडला जाईल. जुन्या वहीला तिचा उपयोग नाही.

जागा आणि वीज. नवी वही लिहून होईपर्यंत जुनीही डिस्कवर असते, म्हणजे सर्वांत मोठ्या फोल्डरएवढी जागा मोकळी हवीच. मी दुप्पट बघतो. सी ड्राइव्ह लाल झालेला असताना कॉम्पॅक्टला हात घालू नका, आधी डाउनलोड्समधला कचरा उपसा. आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर हे काम काढू नका. वळीव आला की लाइट जाते, सांगलीकरांना हे मी सांगायला नको. यूपीएस नसेल तर सकाळी करा, लॅपटॉप असेल तर चार्ज भरून घ्या. मध्येच बंद पडलं तर प्रोफाइलमध्ये ‘एनएसटीएमपी’ (nstmp) नावाची फाइल उरलेली दिसू शकते. ती अर्धवट लिहिलेली नवी वही. मूळ फोल्डर उघडून सगळे मेल जागेवर आहेत याची खात्री होईपर्यंत ती पुसू नका.

आता कॉम्पॅक्टच्या आधी वही हलकी करा, नंतर नाही. कारण मेल दुसरीकडं हलवला तरी जुन्या जागी काट मारलेली नोंद उरतेच. आधी कॉम्पॅक्ट करून मग हलवाहलव केली तर कॉम्पॅक्ट दोनदा करावं लागतं. तारखेनं लावून जुने मेल निवडा आणि ए दाबा. ते अर्काइव्हमध्ये वर्षावर्षाच्या फोल्डरांत आपोआप जातात. एकदम दहा हजार निवडू नका, पाचशे-पाचशेनं घ्या. इनबॉक्समध्ये चालू आर्थिक वर्ष ठेवा, बाकी सगळं माळ्यावर. सेंट फोल्डर विसरू नका. सगळ्यांची नजर इनबॉक्सवर असते आणि खरे जडजड पीडीएफ आपणच पाठवलेले असतात.

मग कॉम्पॅक्ट. फाइल मेनूत कॉम्पॅक्ट फोल्डर्स आहे, पण पहिल्या वेळी एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट निवडा, लहान फोल्डरपासून सुरुवात करा. पॉप असेल तर आधी वर्क ऑफलाइन करा, म्हणजे मध्येच नवे मेल येऊन टपकणार नाहीत. आयमॅपला नेट चालू राहू द्या, त्याला सर्व्हरशी बोलावं लागतं. लावलं की उठा. खिडकी पांढरी पडेल, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसेल, टास्क मॅनेजरकडं हात शिवशिवतील. थांबा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर दोन जीबीच्या फोल्डरला चांगलाच वेळ लागू शकतो. कॉम्प्युटरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

झाल्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये साइज ऑन डिस्क बघा. आकडा उतरलेला दिसेल.

कधीकधी यादीत एकाचं नाव असतं आणि क्लिक केल्यावर मजकूर भलत्याचाच उघडतो. घाबरू नका, वही शाबूत आहे, अनुक्रमणिका चुकलीय. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलमध्ये त्या फोल्डरच्या नावाची ‘.एमएसएफ’ (.msf) शेपटीची फाइल पुसा. उघडल्यावर ती नव्यानं तयार होते. पॉपचे फोल्डर ‘मेल’मध्ये आणि आयमॅपचे ‘आयमॅपमेल’मध्ये सापडतात. त्याच नावाची बिनशेपटीची फाइल म्हणजे खुद्द वही, तिला बोट लावायचं नाही. पुसण्याआधी नाव दोनदा वाचा. प्रॉपर्टीजमधलं रिपेअर फोल्डर हेच काम करतं, पण आयमॅपवर ते मेल पुन्हा उतरवायला घेतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर जपून.

शोधताना अडकत असेल तर दोष शोध-सूचीचा. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलमधली ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ (global-messages-db) नावाची फाइल पुसा. ती पुन्हा बनेपर्यंत काही तास उलट जास्तच रखडेल, ते रात्रीवर सोडा. सर्च कधी वापरतच नसाल तर सेटिंग्जमधलं इंडेक्सिंगच बंद करा.

जीमेलवाल्यांसाठी एक: जीमेलमध्ये ‘ऑल मेल’ हा फोल्डर आणि इनबॉक्स वेगळे नसतात, पण थंडरबर्डला ते दोन फोल्डर वाटतात आणि तो तोच मेल दोनदा उतरवतो. खात्यावर राइट क्लिक, सबस्क्राइब, तिथून ऑल मेलची खूण काढा. वहीचं ओझं बरंच उतरतं.

आउटलुकवर असाल तर तिथं वहीचं नाव पीएसटी. जुनं डेस्कटॉप आउटलुक असेल तर अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, सेटिंग्ज, कॉम्पॅक्ट नाउ. २००२ पर्यंतच्या आउटलुकची फाइल २ जीबीला पोचली की बिघडायची, तशी एखादी अजून जपून ठेवली असेल तर आधी नव्या प्रकारच्या फाइलमध्ये मेल हलवा. प्रत आणि अँटीव्हायरसची सूट इथंही तीच.

एवढं करूनही रांगत असेल, आणि फक्त मेलच नाही तर सगळंच रांगत असेल, तर पैसे रॅमवर नको, एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, घाला.

मी दर महिन्याच्या २० तारखेला, रिटर्न भरून झालं की, सकाळी आठच्या आत कॉम्पॅक्ट लावतो. सेटिंग्जच्या जनरल पानावर, डिस्क स्पेसच्या भागात, ठरावीक एमबी वाचणार असतील तर आपोआप कॉम्पॅक्ट करायची सोय आहे. मी तिथला आकडा ५०० केलाय, म्हणजे वळवाच्या दुपारी ते सहसा आपणहून सुरू होत नाही.