दर क्लिकला एक फूट पाणी: ट्वाइनवर मराठी टेक्स्ट गेम असा बनवा

टेक्स्ट ॲडव्हेंचर, म्हणजे चित्रं नसलेला, नुसत्या शब्दांत खेळायचा गेम म्हणलं की 'उत्तरेला जा, कंदील घे' असलं टाइप करायचा गेम डोळ्यासमोर येतो. चूक नाही ते, विल क्राउदरने १९७० च्या दशकात लिहिलेला गेम गुहेतच फिरवायचा. पण नंतर लोकांनी हा प्रकार पार उलटापालटा केला. सॅम बार्लोचा १९९९ चा 'आइल' बघा, सुपरमार्केटमधे ट्रॉली घेऊन एक माणूस उभाय आणि तुम्हाला चाल एकच, एक वाक्य टाइप केलं की गेम खलास, मग परत पहिल्यापासून वेगळं काहीतरी करायचं, आणि असं दहावीस वेळा केल्यावर त्या माणसाचं काय बिनसलंय ते हळूहळू कळायला लागतं.

त्यातून मी उचललं ते एवढंच, की आधी एक विचित्र नियम ठरवायचा आणि गोष्ट त्या नियमातून काढायची. गोष्ट आधी लिहून मग मधे मधे लिंका पेरल्या तर ती नुसती तुकडे केलेली कथा होते, गेम होत नाही.

आम्ही सांगलीचे, त्यामुळं माझा नियम आयर्विन पुलावरून आला, कृष्णेचं पाणी किती चढलं ते इथं या पुलापाशी मोजतात. पावसाळ्यात इथं कुणालाबी विचारा, 'किती फूट?' एवढंच बोलणं असतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमधे ५७ च्या वर गेलं होतं. तर नियम असा: गेम ४० फुटांवर सुरू, तुम्ही काहीही क्लिक करा, चहा ठेवा नाहीतर कपाट आवरा, पाणी एक फूट चढणार. ५७ ला गेम संपला. म्हणजे सतरा क्लिक, आणि गावभागातल्या घरात एक आजी जी हलायला तयार नाही.

आता टूल. इन्फॉर्ममधे टाइप करून खेळायचा गेम बनतो, पण त्याचा पार्सर (टाइप केलेलं वाक्य समजून घेणारा भाग) इंग्रजी डोक्याचा, क्रियापद आधी लागतं त्याला. आपण 'दार उघड' म्हणतो, वर दार, दाराला, दारातनं असली रूपं, ते समजावत बसण्यात जीव जातो. त्यामुळं सरळ ट्वाइन घ्या, लिंका क्लिक करत खेळायचे गेम बनवायचं टूल, फुकट आहे, ब्राउझरमधेच चालतं. प्रत्येक तुकड्याला पॅसेज म्हणतात, लिंक दुहेरी चौकटी कंसात लिहायची, मराठी बिनधास्त चालतं:

आजी उंबऱ्यावर बसलीये. [[तिची पिशवी भर->पिशवी]] नाहीतर [[शेजारी फोन लाव->फोन]]

बाणाच्या डावीकडचं वाचणाऱ्याला दिसतं, उजवीकडचं पॅसेजचं नाव. पाण्यासाठी एक व्हेरिएबल, म्हणजे गेम लक्षात ठेवतो तो बदलता आकडा, सुरुवातीला ४०, आणि प्रत्येक पॅसेजच्या वरच त्यात एक वाढवायचा. व्हेरिएबलचं नाव मी इंग्रजी अक्षरातच ठेवतो, कटकट नको.

खरी मजा पुढं आहे. आकडा नुसता कोपऱ्यात दाखवू नका, त्याने वाक्यं बदलू द्या. 'आजी' हा पॅसेज एकच आहे पण त्यात इफ (पाणी इतकं असेल तर हे दाखव, अशी अट) लावून तिचं बोलणं तीन प्रकारचं केलंय. ४५ च्या खाली: "दोन हजार पाचला पायरीपर्यंत आलतं, आत न्हाई आलं." ५० ला: "पायरीपर्यंतच येतंय बघ." आणि ५४ झालं की ती काहीच बोलत नाही, फक्त देवघरातल्या मूर्ती एकेक करून पदरात घेते. इथं लोक खरंच असं मागच्या पुराच्या मापानं बसून राहिले होते. ते कुठं सांगावं लागलं नाही, आकड्यानंच सांगितलं.

एक घोळ आधीच सांगतो. ट्वाइनमधे गेम कसा दिसणार-चालणार ते फॉरमॅट ठरवतो, त्यातल्या नेहमीच्या हार्लो फॉरमॅटमधे बाजूला मागं जायचा बाण येतो. तो दाबला की व्हेरिएबलपण मागं जातं, म्हणजे पूर उतरला! स्टाइलशीटमधे (गेमचं दिसणं ठरवायची जागा) जाऊन तो बाणाचा साइडबार लपवा. (किंवा मुद्दाम ठेवा, एकदा मागं जाता येतं पण आजीला ते आठवतं असं काहीतरी. मला जमलं नाही.)

पहिल्या वेळी मिरजेच्या मित्राला दिलं, पठ्ठ्यानं तीन मिनिटांत संपवलं, न वाचता, कारण माझ्या सगळ्या लिंका परिच्छेदाच्या शेवटी होत्या, अंगठा तिथंच. मग लिंका वाक्याच्या मधल्या शब्दांवर नेल्या, 'पिशवी', 'फोन', 'देवघर' अशा. आता वाचल्याशिवाय सापडतच नाहीत.

आणि हो, ऑनलाइन ट्वाइनमधलं सगळं तुमच्या ब्राउझरमधेच साठतं. मी एकदा फोन साफ करायच्या नादात ब्राउझरचा सगळा डेटा उडवला आणि चाळीसेक पॅसेज गेले, दोन दिवस कुणाशी बोललो नाही. रोज रात्री अर्काइव्ह, म्हणजे सगळ्या गेमची एक बॅकअप फाइल, डाउनलोड करून ठेवा.

झालं की पब्लिश करा, एकच एचटीएमएल फाइल मिळते, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि 'क्रोममधे उघड' असं सोबत लिहा, नाहीतर चार जण फोन करून विचारतात हे उघडायचं कसं. मित्राच्या आईनं उघडलं, ५७ पर्यंत गेल्या, आणि फोनवर पहिला प्रश्न, "अरे पण आजीच्या मांजराचं काय केलंस?" मांजर मी लिहिलंच नव्हतं. आता लिहितोय.