मोटरहोममागे जीप ओढून नेण्यासाठी गाडीत करावे लागणारे बदल

अमेरिका-कॅनडात तीस-पस्तीस फुटी मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन फिरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. कॅम्पग्राउंडवर जॅक लावून, पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या करून झाल्या, की केवळ दूध-भाजी आणण्यासाठी किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या अरुंद रस्त्यावर जाण्यासाठी तो सगळा पसारा पुन्हा आवरणे कोणालाच नको असते. म्हणून मागे एक लहान गाडी ओढून नेण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. ट्रेलर किंवा डॉली (गाडीची फक्त पुढची चाके उचलून धरणारा छोटा गाडा) न वापरता गाडीची चारही चाके रस्त्यावर ठेवून ती ओढायची असेल, तर तिच्यात जे बदल करावे लागतात, त्यांचे वर्णन येथे जीप रँग्लर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कारण या कामासाठी ती सर्वांत सोयीची गाडी मानली जाते.

एक पैही खर्च करण्यापूर्वी गाडीचे ओनर्स मॅन्युअल उघडावे आणि त्यातले ‘रिक्रिएशनल टोइंग’ हे प्रकरण वाचावे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर गिअरबॉक्सचे आतले भाग तेलाविना फिरतात आणि शे-दोनशे मैलांत गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. रँग्लरच्या ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटून देणाऱ्या पेटीला) न्यूट्रलची स्वतंत्र जागा असल्यामुळे चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध पूर्णपणे तुटतो. हीच सोय जीपच्याच ग्रँड चेरोकी या मॉडेलच्या दोन गतींच्या ट्रान्सफर केसमध्ये आहे, मात्र क्वाड्रा-ट्रॅक वन या एकाच गतीच्या प्रकारात नाही. त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावरून जुनी गाडी घेणे धोक्याचे ठरते. होंडा सीआर-व्ही 2014 पर्यंत अशी ओढता येत असे, 2015 मध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आल्यावर ती सोय गेली. मॅन्युअल ‘नाही’ म्हणत असेल, तर विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबू नये.

त्यानंतर वजनाचा हिशेब करावा. मोटरहोमच्या हिचवर, म्हणजे मागची गाडी जोडण्याच्या आकड्यावर, बऱ्याचदा 5,000 पौंड असे कोरलेले असते आणि बरेच जण तेवढ्यावर थांबतात. प्रत्यक्षात मोटरहोम व मागची गाडी मिळून किती वजन चालेल, याची चॅसिसला वेगळी मर्यादा असते. समजा, ती मर्यादा 26,000 पौंड आहे आणि सामान, पाणी व माणसांसह मोटरहोम 22,000 पौंड भरते. तर ओढण्यासाठी 4,000 पौंडच उरतात, हिचवर काहीही कोरलेले असो. चार दारांची रँग्लर रिकामीच 4,000 पौंडांच्या वर जाते. हिच, टो बार (हिच आणि मागची गाडी यांना जोडणारा दांडा), बेस प्लेट (टो बार अडकवण्याचा गाडीवरचा आधार) आणि सेफ्टी केबल (टो बार सुटल्यास गाडी धरून ठेवणाऱ्या तारा) यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता समजावी.

गाडीतला पहिला प्रत्यक्ष बदल म्हणजे बेस प्लेट. पुढच्या बंपरच्या मागे, गाडीच्या फ्रेमला बोल्टने घट्ट बसवलेला हा पोलादी आधार असतो आणि त्यातून बाहेर येणाऱ्या दोन कानांत टो बारचे हात अडकतात. रोडमास्टर, ब्लू ऑक्स आणि डेमको हे यातले नावाजलेले उत्पादक आहेत. प्लेट मॉडेल आणि वर्षानुसार वेगवेगळी असते. ‘जवळपास बसते’ म्हणून दुसऱ्या वर्षाची प्लेट छिद्रे वाढवून बसवू नये. रँग्लरला शिडीसारखी स्वतंत्र फ्रेम असल्यामुळे हे काम सोपे जाते: बंपर उतरवायचा, प्लेट फ्रेमच्या टोकांवर टेकवायची, आधी सगळे बोल्ट हाताने सैल लावून घ्यायचे आणि मगच थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, सूचनापत्रकात दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. वेगळी फ्रेम नसलेल्या एसयूव्हीमध्ये मात्र पुढच्या जाळीचा काही भाग कापावा लागतो, तेव्हा ते काम अनुभवी गॅरेजकडे दिलेले बरे.

टो बार जोडल्यावर तो जमिनीला जवळजवळ समांतर असावा. हिच आणि बेस प्लेट यांच्या उंचीत साधारण तीन इंचांहून अधिक फरक असेल, तर मध्ये उंची जुळवणारा अडॅप्टर घालावा. सेफ्टी केबल टो बारखालून एकमेकींवर आडव्या नेऊन अडकवाव्यात, म्हणजे टो बार सुटलाच तर तो रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर टेकतो.

वायरिंग हे किचकट पण घरी करता येण्याजोगे काम आहे. मोटरहोमचे ब्रेक आणि इंडिकेटर दिवे जीपच्या मागच्या दिव्यांत जसेच्या तसे उमटले पाहिजेत. त्यासाठी चार तारा मागपर्यंत न्याव्या लागतात: पांढरी अर्थिंगची, तपकिरी टेल लाइटची, पिवळी डावीकडची आणि हिरवी उजवीकडची. त्या जीपच्या तारांना थेट जोडल्या, तर मोटरहोमचा प्रवाह जीपच्या संगणकापर्यंत पोहोचून बिघाड होतो. म्हणून मध्ये डायोड लावतात, जो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. इंडिकेटर पिवळा आणि ब्रेकचा दिवा वेगळा असेल, किंवा दिवे एलईडी असतील, तर त्या मॉडेलसाठी तयार मिळणारा हार्नेसच (जोडण्यांसह तारांचा संच) घ्यावा. चार पैसे जास्त पडतात, पण डोकेदुखी वाचते. तारा नेताना एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून दूर ठेवाव्यात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे होण्याची मर्यादा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 3,000 पौंड, तर कॅलिफोर्नियात 1,500 पौंड आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी घाटाच्या उतारावर दोन टनांची जीप मागून रेटत असते, हे विसरता येत नाही. ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवून पेडल दाबणारी पेटी किंवा सीटखाली कायमची बसवलेली यंत्रणा, असे दोन प्रमुख पर्याय आहेत. पेटी दुसऱ्या गाडीत नेता येते, पण ती प्रत्येक वेळी लावावी-काढावी लागते. वारंवार प्रवास करणाऱ्याने कायमची यंत्रणा घ्यावी. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमधला (पेडल हलके करणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम एक-दोन वेळा पेडल दाबताच संपतो आणि पेडल दगडासारखे कडक होते, म्हणून आपल्या गाडीसाठी ती यंत्रणा व्हॅक्यूम पुरवते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. ब्रेकअवे स्विच तर हवाच: जीप सुटली तर त्याची पिन ओढली जाते आणि जीपचे ब्रेक आपोआप लागतात. या पिनची तार टो बारला न बांधता मोटरहोमच्या पक्क्या भागाला बांधावी, अन्यथा टो बारच निसटला तर पिन जागची हलणार नाही.

ही यंत्रणा जीपच्या बॅटरीवर चालते, तेव्हा मोटरहोमकडून बॅटरीला चार्ज देणारी एक बारीक लाइनही त्याच वायरिंगबरोबर घालून घ्यावी. दिवसभराच्या प्रवासानंतर गाडी सुरूच न होणे ही नेहमीची तक्रार त्यामुळे टळते.

निघताना सपाट जागी जीप टो बारला जोडावी आणि हँडब्रेक ओढलेला असू द्यावा. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, ऑटोमॅटिक गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि मग ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलमध्ये न्यावा. ग्रँड चेरोकीमध्ये यासाठी खोल बसवलेले बटण असते, ते बॉलपेनच्या टोकाने चार सेकंद दाबून धरावे लागते. यानंतरची चाचणी कधीही टाळू नये: हँडब्रेक सोडून गिअर रिव्हर्समध्ये टाकावा, पाच सेकंद पाय ब्रेकवरून काढावा आणि गाडी तसूभरही हलत नाही याची खात्री करावी, नंतर ड्राइव्हमध्ये हेच करावे. गाडी हलली, तर ट्रान्सफर केस खऱ्या अर्थाने न्यूट्रलमध्ये गेलेली नाही. सगळे नीट असेल, तर गिअर पार्कमध्ये ठेवून इंजिन बंद करावे. मॅन्युअल गिअरची रँग्लर मात्र गिअरमध्येच ठेवायची असते. स्टिअरिंग मोकळे आहे, टो बारचे दोन्ही हात लॉक झाले आहेत आणि दिवे बरोबर लागतात, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून तपासून घ्यावे.

जोडलेल्या अवस्थेत मोटरहोम मागे घेऊ नये. जीपची पुढची चाके आपोआप एका बाजूला पूर्ण वळतात आणि टो बार वाकतो. पेट्रोल पंपावर शिरतानाच बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी. अडकलोच, तर जीप सोडवण्याला पर्याय नाही. पहिल्या पंधरा-वीस मैलांनंतर थांबून पिना, केबल आणि टायर पाहावेत आणि चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन एखादे चाक इतरांपेक्षा तापले आहे का, ते पाहावे. तापले असेल, तर ब्रेक चिकटला आहे.

मुक्कामाला पोहोचल्यावर पिना काढण्याआधी हँडब्रेक ओढावा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअर पार्कमध्ये असला तरी जीप उतारावर गडगडत जाऊ शकते. हँडब्रेक लावून, जीप सोडवून झाल्यावर ट्रान्सफर केस टू-एचमध्ये (फक्त मागच्या दोन चाकांना शक्ती देणाऱ्या नेहमीच्या स्थितीत) आणावी, आणि मगच कोणालाही गाडीच्या पुढे उभे राहू द्यावे.