सोलापुरात सॉर्टीआधी (सरावाच्या उड्डाणाआधी): कॉकपिटमधल्या सुट्या सामानाची तयारी

सुरुवात स्वतःच्या खिशांपासून करा. किल्ल्या, नाणी, वरच्या खिशातलं जादा पेन ब्रीफिंगच्या टेबलावरच राहू द्या. आत जाणारी प्रत्येक वस्तू मोजा: दोन पेनं, एक फोन, एक नीबोर्ड (मांडीवर बांधायची लिहिण्याची पाटी). उतरल्यावर हाच हिशेब जुळला पाहिजे. पेन दोरीने नीबोर्डला बांधा. निसटलेलं पेन घरंगळत रडर पेडलखाली (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायातल्या पेडलखाली) गेलं, तर नेमकं लँडिंगच्या वेळी पेडल पूर्ण दाबलं जात नाही.

टो बार (विमान हाताने ओढायचा दांडा) नोजव्हीलवरून, म्हणजे पुढच्या चाकावरून, निघाला का, हे हात लावून बघा. मग तो, चॉक (चाकाला लावायचे ठोकळे) आणि पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण) मागे सामानाच्या जाळीखाली पट्ट्याने आवळा. कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल हलू नयेत म्हणून लावायची खीळ) आणि इंधन तपासायचा कप सीटमागच्या खिशात ठेवा. अग्निशामक आपल्या क्लॅम्पमध्ये घट्ट आहे ना, तो हलवून पाहा. मागच्या रिकाम्या सीटचे पट्टेही लावून ताणा. दाराबाहेर राहिलेलं पट्ट्याचं टोक हवेत विमानाच्या अंगावर आपटतं आणि तो आवाज इंजिन बिघडल्यासारखा वाटतो.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे पाणी हवंच. पण लिटरची बाटली पायाशी नको. दुपारी तापलेल्या जमिनीवरून थर्मल (गरम हवेचे झोत) उठतात आणि एकाच हिसक्यात ती उडते. अर्ध्या लिटरची, घट्ट झाकणाची, दाराच्या खिशात मावेल अशी घ्या. फोन आणि पॉवर बँक डॅशवर ठेवू नका: उन्हात बॅटरी तापते, शिवाय होकायंत्राची सुई भरकटते.

क्रॉस-कंट्रीला (दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या सरावाच्या उड्डाणाला) सोलापुरात उतरलात, तर परतताना चादरी आणि शेंगाचटणी येणारच. त्यांचं वजन करून लोडशीटमध्ये (विमानातल्या वजनाच्या तक्त्यात) धरा आणि जाळीखाली बांधा. सेस्ना १७२ या छोट्या विमानात स्पिनचा (गिरक्या घेत खाली येण्याचा) सराव युटिलिटी कॅटेगरीतच, म्हणजे कमी वजनाच्या मर्यादेतच होतो. तेव्हा मागची सीट आणि बॅगेज पूर्ण रिकामं ठेवणं ही मॅन्युअलचीच अट आहे, तिथे चादरही चालत नाही.

स्टॉलच्या (पंखांची उचल संपण्याच्या) सरावाआधी हॅसेल ही तपासणीची यादी म्हणतात; त्यातलं 'सिक्युरिटी', म्हणजे काही सुटं नाही ना, म्हणताना नजर खरोखर फिरवा: कॉकपिटची जमीन, डॅश, मागची सीट. नुसतं तोंडाने म्हटलेला चेक आम्ही चेक मानत नाही.

हवेत काही पडलंच, तर वाकून शोधू नका, लगेच इन्स्ट्रक्टरला सांगा. एकाने विमान उडवायचं, दुसऱ्याने शोधायचं. कंट्रोल अडकला तर जोर लावू नका. तो जिकडून हलवलात तिकडे अलगद परत न्या आणि अडकलेली वस्तू सुटते का पाहा. उतरल्यावर ती सापडली नाही, तर टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीत) नोंद करून इंजिनिअरला कळवा. ती हाती लागेपर्यंत पुढची सॉर्टी थांबवा.