चालत्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करताना या चुका टाळा

ग्राहकांच्या टेबलातल्या 'मोबाइल' कॉलमचं नाव 'फोन' करायचंय. एका ओळीचं काम. मीही एकदा ते एका ओळीतच उरकलं होतं, तेही भर दुपारी. नवा कोड सगळ्या सर्व्हरवर पोचेपर्यंत जुना कोड 'मोबाइल'च शोधत बसला आणि लॉगिन बंद पडलं.

चूक काय? डेटाबेस आणि कोड एकाच क्षणी बदलतात असं मी गृहीत धरलं. प्रत्यक्षात काही मिनिटं तरी जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी चालतात, आणि डेटाबेसला दोघांनाही सांभाळून घ्यावं लागतं. म्हणून आधी 'फोन' हा नवा कॉलम जोडा, रिकामा चालेल असा. मग कोडला दोन्हीकडे लिहू द्या, वाचू द्या मात्र जुन्यातूनच. हा कोड सगळीकडे पोचल्यावरच जुन्या नोंदी थोड्याथोड्या करून भरा. घाईने आधीच भरल्यात, तर मधल्या वेळेत बदललेले नंबर नव्या कॉलममध्ये शिळेच राहतात, आणि एरर तर कुठेच येत नाही. त्यानंतर वाचन नव्यावर न्या, काही दिवस जाऊ द्या, मग जुन्यात लिहिणं थांबवा. जुन्यावर 'नॉट नल' (रिकामा चालणार नाही) अशी अट असेल तर ती आधी काढा, नाहीतर नव्या नोंदी अडकतील. कॉलम उडवायचा तो सगळ्यात शेवटी. एवढ्याशा नावासाठी इतके डिप्लॉय, म्हणजे इतक्यांदा नवा कोड सर्व्हरवर चढवायचा! कंटाळवाणं आहे, मान्य.

नुसता कॉलम जोडला तरी साइट गोठली? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'ऑल्टर टेबल' (टेबलाची रचना बदलणारं फर्मान) त्यासाठी अख्ख्या टेबलाला लॉक मागतं. एखादी लांबलचक रिपोर्टची क्वेरी चालू असेल तर ते तिच्यामागे थांबतं, आणि त्या टेबलाच्या बाकी सगळ्या क्वेरी त्याच्यामागे. लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी थांबायची मर्यादा, दोनेक सेकंदांचा ठेवा. नाही जमलं तर पुन्हा प्रयत्न करा.

जुना फ्लॅग (कोडमधलं एखादं काम चालू-बंद करणारी खूण) नव्या कामाला जुंपू नका. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने तेच केलं होतं. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नव्हता. तिथे त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा केला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) छोटे आहेत, पण मधले बिल्डच होत नाहीत, म्हणजे त्यांच्यातून चालणारा प्रोग्रामच तयार होत नाही? मग बिघाड कोणत्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणारा 'गिट बायसेक्ट' नेमका अशाच कमिटवर येऊन अडतो. ब्रँच (कोडची वेगळी शाखा) मर्ज करण्याआधी कमिट एकेक करून पुन्हा लावणाऱ्या 'गिट रीबेस'चा 'एक्झेक' पर्याय वापरून प्रत्येक कमिटवर टेस्ट चालवा. जो पडेल, तिथे रीबेस आपणहून थांबतो.