सॉलिडवर्क्स: मोठी असेम्ब्ली उघडताना काय लोड करायचं, काय नाही

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असेम्ब्ली (अनेक पार्ट जोडून केलेली फाइल) जड झाली की आमच्याकडची नवी मुलं पहिल्यांदा पार्ट हाइड करतात, म्हणजे स्क्रीनवरून लपवतात. त्याने स्क्रीन मोकळी दिसते, पण पार्ट मेमरीत तसाच बसलेला असतो.

आधी लाइटवेट, म्हणजे पार्ट अर्धवटच लोड करणारा मोड, वापरा. फाइल ओपन करतानाच्या खिडकीत मोड निवडता येतो. ट्रीमध्ये (बाजूच्या पार्टच्या यादीत) आयकॉनवर पक्ष्याचं पीस दिसलं की पार्ट लाइटवेट आहे: आकार दिसतो, मेट्स (पार्ट एकमेकांना जागेवर धरणारी नाती) चालतात, फीचर्सचा तपशील मात्र लागेल तेव्हाच येतो. मग ज्याला हात लावायचाय तेवढाच राइट क्लिक करून रिझॉल्व्ह करा, म्हणजे पूर्ण लोड करा. कन्व्हेयरचा एक ब्रॅकेट बदलायचा तर गिअरमोटरचे दात कशाला हवेत?

सप्रेस, म्हणजे पार्ट असेम्ब्लीत बंद करून ठेवणं, हे खरं दुधारी शस्त्र. पार्ट मेमरीतून जातोच, पण त्याचे मेट्सही झोपतात. तो वजनात धरला जात नाही, इंटरफिअरन्स तपासणीत (पार्ट एकमेकांत घुसतात का, ते बघताना) येत नाही, बीओएममध्येही (पार्टच्या यादीत) दिसत नाही. म्हणून मूळ कॉन्फिगरेशनमध्ये (त्याच फाइलच्या मूळ आवृत्तीत) सप्रेस करू नका. ‘हलकं’ नावाचं वेगळं कॉन्फिगरेशन करा आणि नट-बोल्ट तिथेच झोपवा. ड्रॉइंगचा बीओएम मात्र पूर्ण कॉन्फिगरेशनलाच जोडा. खरेदी विभाग बोल्ट विसरला तर फोन तुम्हालाच येणार.

न सांगता सप्रेस झालेला पार्ट दिसला, तर बहुतेक फाइलची जागा किंवा नाव बदललेलं असतं. अनसप्रेस करा, सॉलिडवर्क्स फाइल कुठे आहे विचारेल, तेव्हा नवी जागा दाखवा.

नुसतं बघायचंच असेल, तर ओपनच्या खिडकीतला बघण्यापुरता मोड घ्या: थेट लार्ज डिझाइन रिव्ह्यू.